घरचा वास

पुण्यात अत्तरं बनवणारी मयुरी या खेपेला पोंभुर्ण्याला आईकडे आली ती नवी बाटली घेऊनच. मोहफुलं आणि राळेचा धूप, या दोन वासांच्या अत्तरासाठी तिनं वर्षभर जीव ओतला होता. आल्या आल्या तिनं गिरजाबाईच्या मनगटावर दोन थेंब लावले.

"हा आपल्या घरचा वास आहे, आई. मी लहान होती तवा घरी कोणती तरी मोठी पूजा होती. अंगणात मोहफुलं, घरात धूप. सारा गाव आला होता, अन् जो तो मलेच कडेवर घेऊन राह्यला होता. तेवढे लाड मंग कधीच नाई झाले. तुले आठवते का?"

गिरजाबाईनं मनगट नाकाशी धरलं.

"आठवते नं माय. मोठी पूजा होती," ती म्हणाली आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.


त्या दिवशी मोहफुलं वेचायला गेलेल्या मयुरीच्या बापाला वाघानं मारलं होतं, आणि लोकांनी जंगलातून त्याच्यासोबत त्याची भरलेली टोपलीही आणून अंगणात ठेवली होती.