अर्धा पेला

ज्याने कुणी हा नियम केला, त्याने जन्मात एकदाही चहा ओतला नसणार. पाहुण्याचा पेला अर्धाच भरायचा, म्हणजे तो पुन्हा पुढे येतो, पुन्हा भरता येतो, आणि पाहुण्याचा मान राहतो. मान पाहुण्याचा, मनगट सुनेचं. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच: एवढं प्या आणि उठा.

नारीनमधल्या त्या किर्गिझ घरात बुरुल अकरा वर्षं समोवारपाशी, चहाच्या त्या मोठ्या बंबापाशी, बसत होती. दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडावर. आज समोर, दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी, तिची थोरली जाऊ उल्रिके बसली होती. जर्मनीहून नवऱ्याबरोबर पहिल्यांदाच आलेली. डोक्याला रुमाल नाही. मांडी घालता येत नाही म्हणून पाय पसरलेले, तेही थेट सासऱ्यांच्या दिशेने. बुरुलने असं केलं असतं तर तिचे पाय मोडून तिच्याच हातात दिले असते.

"त्यांच्याकडे असंच बसतात," सासरे कौतुकाने म्हणाले आणि उल्रिकेच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली. ती उशी बुरुलने माहेराहून आणली होती.

मग उल्रिकेला हौस आली. उठून समोवारपाशी आली, मोडक्यातोडक्या भाषेत "मी ओतू" म्हणाली, आणि सासूबाईंचा पेला काठोकाठ भरून दोन्ही हातांनी पुढे केला.

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. बुरुलच्या मनात गुदगुल्या झाल्या. आता कळेल. आता बाईसाहेबांना कळेल!

सासूबाई खळखळून हसल्या. "अगं बाई, माझ्याच घरातून मला हाकलतेस होय?" त्यांनी उल्रिकेचा गालगुच्चा घेतला. "बिचारीला काय ठाऊक! हिच्या देशात माया अशीच भरभरून देत असतील."

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बुरुलनेही असाच पेला भरला होता. एकोणीस वर्षांची होती, अंदाज चुकला. तेव्हा सासूबाईंनी तो चहा उंबऱ्याबाहेर फेकला होता आणि "हिच्या आईने हिला काही शिकवलं नाही" हे वाक्य गल्लीभर वाटलं होतं. आई वारली. ते वाक्य अजून जिवंत होतं.

"माझ्या वेळी कुठे गेलं होतं हे हसू?" बुरुल बोलून गेली.

"ती पाहुणी आहे," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्याला सगळं माफ. तू काय, घरची."

"घरची," बुरुल म्हणाली. तिने एक रिकामा पेला उचलला.

"बुरुल, पुरे," तिचा नवरा समात खालच्या आवाजात म्हणाला.

तिने ऐकलं नाही. चहा काठाला आला, काठावरून खाली अंथरलेल्या दस्तरखानवर सांडला, तेव्हाच तिने हात थांबवला. आता हा पेला ती कुणापुढे ठेवते, इकडे सगळ्यांचे डोळे लागले. सासऱ्यांनी चहासाठी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

तिने तो स्वतःपुढे ठेवला.

"अकरा वर्षांत या घरात मला कुणी चहा ओतलेला नाही. आज मीच ओतून घेतला, काठोकाठ. आता सांगा, सासूबाई. एवढा पिऊन निघू, की तुमच्यापैकी कुणीतरी उठून मला अर्धा ओतणार?"