भिंतीपलीकडचा व्यायाम

बायको पंकजाक्षी गेल्याचं शंकुण्णीला पहाटे साडेपाचला कळलं. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, म्हणून तो घरी आला होता. मेहुणी वत्सलेचा फोन आला. "चेट्टा, चेची गेली," थोरली बहीण गेली, एवढंच ती बोलली.

त्याने रिक्षावाल्याला निरोप दिला, सदरा चढवला आणि रिक्षा येईपर्यंत तळ्याकडे निघाला. तिच्या शाळेतल्या मुलींना सांगायला हवं होतं. मी इस्पितळात असले तरी व्यायाम चुकवायचा नाही, असं पंकजाक्षीने त्यांना चार दिवसांपूर्वी बजावलं होतं. सहाला त्या पाण्यात असणार.

तळं पंचायतीचं. बायकांच्या घाटाला जांभ्या दगडाची उंच भिंत, आणि तिच्या आत कुठलाच पुरुष पाऊल टाकत नाही. शंकुण्णी भिंतीशी थांबला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तोच आतून आवाज आला, "आता खोबरं खवा!" घाटावर कपडे धुणारी कार्त्यायनी. पंकजाक्षीने आपल्या जागी तिला उभं केलं होतं. पाण्यात खळबळ झाली, पोरी मोठ्याने वीसपर्यंत मोजत होत्या. मग कांडण झालं. मग चादर पिळून झाली.

तळ्यात कसलं खोबरं आणि कसली चादर? अकरा वर्षं त्याची बायको बारावीच्या पोरींना इथे आणत होती, आणि आत काय चालतं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याच्या तेलघाण्यावरचे सुके नारळ ती सालासकट, दोन-दोन बांधून न्यायची. ते ओले परत आले की तो कुरकुरायचा, एवढंच. शाळेच्या मैदानात दोन फेऱ्यांत कंबर धरून बसणाऱ्या त्याच पोरी इथे खिदळत होत्या, आणि थांबत नव्हत्या. तो आणखी जवळ सरकला.

"आता शंकुण्णी!" कार्त्यायनीने फर्मावलं.

तो चपापून मागे झाला. तेव्हा त्याला भिंतीच्या टोकाला पायरीवर बसलेली मुलगी दिसली. बेकरीवाल्या पावलोसची नात, जिन्सी. अंग कोरडं, मांडीवर दोरीने बांधलेली नारळांची जोडी. त्याला पाहून ती उठली.

"हे शंकुण्णी काय आहे गं?" त्याने विचारलं.

जिन्सी ओशाळली. रागावणार नाही असं त्याच्याकडून आधी कबूल करून घेतलं. "पाण्यावर उताणं पडायचं, आजोबा. हातपाय सोडून. टीचर म्हणतात, आमचे हे आरामखुर्चीत पडतात ना, तसं. घर जळालं तरी उठायचं नाही."

शंकुण्णीला हसू आलं. आलं तसा तो दचकला.

ती बाहेर का बसली, हे त्याने विचारलं. ती सांगू लागली. जूनपासून ती पाण्यात उतरत होती. आता शाळेचे तीन जिने न थांबता चढायची. पण पाण्यावर पडून राहायचं ते अजून पाठीशी तरंगते नारळ बांधूनच. आज ते सोडायचे असं टीचरनी ठरवून दिलं होतं, आणि टीचर नसताना तिला धीर होत नव्हता.

"टीचर सोमवारी येणार ना? मग सोमवारीच करते."

वर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला.

शंकुण्णीने तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या आवाजाकडे मान वळवली. "कार्त्यायनी धरते का?"

"मानेखाली हात ठेवते. मग हळूच काढून घेते."

"काढलेला कळतो?"

"नाही कळत म्हणे. टीचर म्हणतात, कळतं तेव्हा हात काढून बराच वेळ झालेला असतो."

शंकुण्णीने हात पुढे केला.

"आण ते नारळ इकडे. माझ्याच घाण्यावरचे आहेत. जा तू."

जिन्सी घुटमळली. मग नारळ त्याच्या हातात देऊन भिंतीआड गेली. पाण्यात उतरताना तिने घेतलेला श्वास त्याला ऐकू आला. कार्त्यायनी काहीतरी हळू बोलली. मग सगळ्या पोरी मिळून मोजू लागल्या. एरवी वीसला थांबत होत्या, या खेपेला थांबल्या नाहीत.

पुन्हा हॉर्न वाजला. शंकुण्णीने न वळताच रिक्षावाल्याला थांबायची खूण केली. आकडे साठाच्या पुढे गेले होते. मुलींना सांगायचं अजून राहिलं होतं.