पहिला स्तर

जॅकेटमधून पाणी टपकत होतं, म्हणून वेरिकाबाईंनी नेवेनाला गालिच्याच्या बाहेर उभं केलं. मग कॉफीचा कप बाजूला सारून फॉर्म काढला.

वेरिकाबाई शाळेच्या समुपदेशक. फॉर्मवर छळाचे तीन स्तर होते. तिसरा झाला की बेलग्रेडला कळवावं लागे आणि तिथून माणसं येत. दुसरा झाला की पालकांना बोलवावं लागे आणि पालक येत. पहिला शाळेतच मिटे. गेली सहा वर्षं या शाळेत जे काही झालं, ते पहिल्या स्तरावर झालं.

"कुठे झालं?"

"संडासात. जॅकेट भांड्यात बुडवलं. ही चौथी वेळ."

"तेव्हा ते अंगात होतं?"

नेवेनाने जरा विचार केला. "हो."

बाईंनी ‘पहिला’वर खूण केली. "लागलं नाही ना कुठे? आणि चौथी वेळ म्हणतेस, पण प्रत्येक वेळ वेगळी धरायची असते."

नेवेना सहावीत होती. ऑक्टोबरपासून ती शाळेत पाणी पीत नव्हती, त्यामुळे दुपारी दोनपर्यंत निभत असे. आज निभलं नव्हतं. फॉर्ममध्ये हे विचारलेलं नव्हतं.

पहिल्या स्तराचा उपाय ठरलेला: मैत्री पथकाशी संवाद. प्रत्येक वर्ग हात वर करून आपला प्रतिनिधी निवडतो. नेवेनाच्या वर्गाने दून्याला निवडलं होतं. पंचविसांपैकी चोवीस हात वर गेले, कारण कोणाचा हात खाली राहतो ते दून्या वळून बघत होती.

दून्या आली. छातीवर पथकाचा पिवळा बिल्ला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. ती नेवेनासमोर उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे डोळ्यांत डोळे घालून.

"तुझ्या भावना मी समजू शकते, नेवेना. तुला कोणी त्रास दिला? माझ्याशी मोकळेपणाने बोल."

"किती छान विचारलंस," वेरिकाबाई म्हणाल्या.

"कोणी नाही," नेवेना म्हणाली.

बाईंनी ‘संवाद झाला’ असं लिहिलं.

तेवढ्यात सफाईच्या मिलुंकामावशी फरशीवरचं पाणी टिपायला आल्या. फडकं टेकवत म्हणाल्या, "बाई, मी तिथेच होते. या दून्याने आणि आणखी दोघींनी हिचं डोकं धरून..."

"मावशी, साक्षीदार म्हणून फक्त शिक्षक चालतात. तुमचं प्रशिक्षण झालेलं नाही."

"नाही झालं," मावशी म्हणाल्या आणि फरशी पुसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत मावशींनी आपल्या खोलीतली खुर्ची आणून मुलींच्या संडासाच्या दारात ठेवली आणि विणकाम घेऊन बसल्या. नेवेना कॉरिडॉरच्या टोकाला बराच वेळ उभी होती. मग आली. मावशींनी पाय बाजूला घेतले. ती आत गेल्यावर पाय पुन्हा होते तिथे ठेवले.

दून्या आली. मागे चौघीजणी.

"सरका मावशी, आत जायचंय."

"वरच्या मजल्यावर जा."

"वरचं तुंबलंय. आणि हे काय तुमचं एकटीचं आहे? मुलींचं आहे हे."

"मग? आत मुलगीच आहे."

मागे कोणीतरी हसली आणि लगेच गप्प झाली.

"वेरिकाबाईंना सांगेन मी," दून्या म्हणाली. "हा छळ आहे."

"सांग की." मावशींनी एक टाका मोजला.

मागच्या चौघींतली कोसारा भिंतीला टेकली. काल दून्याबरोबर नेवेनाला धरणाऱ्या दोघींपैकी ती एक. "तिचं होईपर्यंत थांबू या," ती म्हणाली.

"घंटा होईल," दून्या म्हणाली.

"होऊ दे." कोसारा दून्याकडे बघत नव्हती. ती आतल्या बंद दाराकडे बघत होती.