लांब भोंगा

भोंगा वाजला आणि चार मिनिटांत खालची आळी रिकामी झाली. नगरपालिकेच्या गच्चीवर उभ्या असलेल्या तरुण आपत्ती अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले. एवढी शिस्त आपण प्रशिक्षणातही पाहिली नव्हती, असे तो समाधानाने म्हणाला.

म्हातारा भोंगेवाला टेकडीच्या रस्त्याकडे पाहत होता. तिथे चिटपाखरूही नव्हते.

"साहेब, माणसं वर गेलीच नाहीत. तळघरांत उतरलीत."

युद्धाच्या चार वर्षांत याच भोंग्यावर त्यानेच त्यांना उतरायला शिकवले होते. विमाने आली की आखूड भोंगे. गेली की एकच लांब, सरळ. तह झाल्यावर पुरासाठी वेगळा भोंगा घ्यायचे ठरले, पण जुना धडधाकट आहे म्हणून ते राहून गेले. बॉम्बने तडा गेलेला वरचा बांध आज सकाळी फुटला होता. पाणी आळीत शिरायला जेमतेम वीस मिनिटे उरली होती.

तीन आखूड भोंगे म्हणजे पूर, अशी पत्रके घरोघर वाटली आहेत, असे अधिकारी सांगू लागला. जिवाच्या आकांताने पळणारा माणूस भोंगे मोजत बसत नाही, एवढेच भोंगेवाला म्हणाला आणि त्याने लेकीला फोन लावला. ती दोन मुलांसह त्याच आळीत राहत होती. फोन लागला नाही. तळघरात तो लागत नसे. शिपाई पाठवून दारे ठोठावावीत, तर आळीत दोनशे घरे.

त्याने कळीवर हात ठेवला.

"काका, वेड लागलंय का? पाणी दाराशी आलंय, आणि तुम्ही धोका टळल्याचा भोंगा देणार?"

"दुसऱ्या कशानं ती बाहेर येतील, ते तुम्ही सांगा."

अधिकारी कळीपासून बाजूला झाला.

लांब, सरळ भोंगा आळीवरून गेला. दारे उघडली. माणसे गुडघ्यांवरची धूळ झटकत बाहेर आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करू लागली. कुणी पायरीवर टेकले, कुणी विडी पेटवली. घाई कुणालाच नव्हती.

लेकही आली, धाकटे कडेवर, थोरले बोटाला. भोंगेवाला कठड्यावरून वाकून ओरडला, पण अजून घुमणाऱ्या भोंग्यापुढे त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. तेव्हा तो दोन्ही हातांनी टेकडीकडे खुणा करू लागला.

लेकीने वर पाहिले. ती हसली, आणि कडेवरच्याचा इवला हात धरून तिने तो आजोबांकडे हलवला.