दाराबाहेरची खुर्ची

"आज खुर्ची दाराबाहेर," बालघर सांभाळणारी ताई म्हणाली.

आजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्या शालीचं टोक मुठीत धरून बोका उभा होता. दुधाचा पेला दिसला की त्याचे डोळे लकाकतात, म्हणून बोका. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

या बालघराची रीत साधी होती. नव्या मुलाजवळ एक मोठं माणूस खुर्ची टाकून बसायचं; इथे ते काम आजींचं. खुर्ची रोज थोडी दाराकडे सरकायची. एक दिवस ती बाहेर जायची आणि मूल आत रमायचं.

बोक्याची खुर्ची मात्र कपाटाशी ठाण मांडून होती. आजी नुसत्या उठल्या तरी तो असं भोकाड पसरायचा की शेजारचा शिंपी मशीन थांबवायचा. त्याची आई कारखान्यात नवीन लागली होती. सकाळी फाटकाशी त्याला आजींच्या कडेवर द्यायची आणि बसमागे धावायची. पुन्हा बालघरातून फोन आला म्हणून कामातून मधेच पळालीस तर दुसरीकडे काम बघ, असं मुकादमाने तिला बजावलं होतं.

"आजी, माझी सगळी भिस्त तुमच्यावर," काल ती म्हणाली होती.

"अजून दोन दिवस आत बसू दे," आजी ताईला म्हणाल्या.

"त्याला सवय झालीय. तुम्हालाच होत नाहीये."

"लळा लागतो गं. काय करू?"

आजींनी मग स्वतःच खुर्ची उचलली. बोक्याचा ओठ थरथरला. त्यांनी शाल काढून त्याच्या हातात दिली.

"ही सांभाळ. मी बाहेरच आहे."

बाहेर बसून त्या कान देऊन ऐकत राहिल्या. आधी हुंदके. मग ठोकळे कोसळल्याचा आवाज. मग चक्क खिदळणं. दुपारी डोकावून पाहिलं, तर शाल टेबलाखाली एकटीच पडली होती.

संध्याकाळी आई आली. "आज फोन आला नाही. आज मी पोटभर जेवले," ती म्हणाली आणि आजींचा हात धरून उभी राहिली. बोका तिच्या कडेवर बसून ठोकळ्यांच्या मनोऱ्याची गोष्ट सांगत निघून गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. आजींना आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोका त्यांच्या शेजारून धावत थेट ठोकळ्यांपाशी गेला. ताईने बाहेरची खुर्ची उचलून पुन्हा कपाटाशी ठेवली. तिथे दोन वेण्यांची एक मुलगी भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती.

आजींनी शाल झटकून खांद्यावर घेतली आणि खुर्चीत बसल्या.

"ये गं बाई," त्या म्हणाल्या, "आजपासून मी तुझी आजी."