इटलीचा धडा

"थांबलीस का? पुढं वाच," जानकीराम म्हणाले.

जानकीरामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून कुंभकोणम्‌च्या कॉलेजात शिकवायचा भाग रोज सकाळी त्यांची विधवा थोरली बहीण पंकजाक्का वाचून दाखवीत. इंग्रजी त्यांनी धाकट्या भावाच्याच शाळेच्या पुस्तकांतून उचलले होते.

आज इटलीचा धडा होता. विसरलेल्या ग्रीक पोथ्या पुन्हा हाती आल्या, विद्वानांनी त्या उतरवून घेतल्या, भाषांतरे केली. त्या वाचून तिथली माणसे म्हणू लागली, की माणूस म्हणजे नुसते पापाचे गाठोडे नव्हे. देहालाही मान आहे, आणि आपण कसे जगावे हे ज्याचे त्याने ठरवावे. जानकीरामांना सारे पाठ होते. इतकी वर्षे तेच सांगून शब्दांचा चोथा झाला होता.

मागल्या दाराची कडी वाजली. दर महिन्याप्रमाणे अक्कांचे केस काढायला माणिक्कम् न्हावी आला होता.

अक्कांनी पुस्तक मिटले, पण त्या उठल्या नाहीत.

"अक्का, माणिक्कम् आलाय."

"ऐकलं रे. त्याला सांग, आता येऊ नको."

जानकीराम आवाज खाली आणून म्हणाले, "पुढल्या आठवड्यात आपल्या अप्पांचं श्राद्ध आहे. तू केस राखलेस तर ब्राह्मण पानावर बसतील का?"

"नाही बसायचे."

"स्वराज्य दिल्लीला आलं अक्का, आपल्या गल्लीत नाही. या पुस्तकापायी चाललंय का हे?"

"पुस्तक तू शिकवतोस. मी नुसतं वाचलं." अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला कुणाशी भांडायचं नाही, जानकी. दमले रे मी."

वर्गात या धड्यावर जानकीरामांना कधी कोणी उलट बोलले नव्हते. ते उठले आणि भिंत चाचपत परसात गेले.

विहिरीपाशी माणिक्कम् पाणी काढून, वस्तऱ्याला धार लावून बसला होता. त्याने तमिळमध्ये विचारले, "अम्मांना बरं नाही का, सामी?"

"बरी आहे." जानकीरामांनी विहिरीचा काठ चाचपला. "पण आता ती बसणार नाही. या महिन्यात नाही, पुढंही नाही."

वस्तरा मिटल्याचा आवाज आला. शेजारच्या परसात कपडे आपटायचे थांबले होते. कोणीतरी ऐकत होते.

"जाऊ नको," जानकीराम जरा मोठ्यानेच म्हणाले. "माझी हजामत कर."

"ओट्यावर खुर्ची मांडू?"

"नको. इथंच."

केस काढून घ्यायला अक्का दर महिन्याला ज्या दगडावर बसत, त्यावर ते उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. माणिक्कम्‌ने पाण्याचा हात डोक्यावर फिरवला आणि सवयीने तळव्याने मान खाली दाबली. हनुवटी छातीला टेकली. श्वास घ्यायला जागा राहिली नाही.

"आणखी खाली, सामी," माणिक्कम् म्हणाला.