गाडी जाईल एवढा

"बाई, अरुंद मागा," हेडक्लार्क म्हणाला. "पायपूल मागा. माणूस जाईल एवढाच."

बाईंच्या साडीचा काठ अजून ओला होता. रोजच असायचा. सकाळी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, पलीकडच्या वस्तीतली पोरं दोराला धरून एकेक अलीकडे घ्यायची आणि शाळेत आणायची. शाळा सुटली की तेच उलटं.

"मला गाडी जाईल एवढा हवाय," बाई म्हणाल्या. "उद्या कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

हेडक्लार्कने काचेच्या भिंतीकडे पाहिलं. काचेपलीकडे मोठे साहेब फोनवर हसत होते.

"अरुंद मागितलात तर माझ्याच टेबलावरून निधी सुटेल," तो हळूच म्हणाला. "रुंद मागितलात तर…"

"तर काय?"

"वेळ लागतो."

त्याने अर्ज सगळ्यात खालच्या खणात ठेवला आणि खण पायाने ढकलला. बाईंनी मनातल्या मनात त्याचं बारसं उरकलं. कासव.

*

झोपेतला पूल

झोपेत पूल कधी दुधाचा असायचा, कधी काचेचा. पोरं त्यावरून चालत नसत, तरंगत असत. खाली पाणी अजिबात आवाज न करता वाहायचं. बाई मधोमध उभ्या, आणि त्यांची साडी कोरडी. अगदी कोरडी. या कोरडेपणानेच त्यांना जाग यायची.

"आज कुठवर आला पूल?" शिलाई मशीनवरून नवरा विचारायचा. तो गावचा शिंपी.

"तुमची चेष्टा बास झाली."

"अगं, कापड दे, शिवून देतो. कासवाच्या आधी होईल."

*

फळ्यावरचा पूल

रोज एक पोर पुढे येऊन त्यात काहीतरी घालायचं. कुणी दिवे लावले. कुणी कठड्यावर मांजर बसवलं. सगळ्यात लहान चिमणी. तिने पुलाचं टोक फळ्याबाहेर भिंतीवर नेलं, दारापर्यंत.

"अगं, हा जातो तरी कुठे?"

"अजून जातोच आहे, बाई," चिमणी म्हणाली. हातभर खडू लागलेला.

बाईंनी भिंत पुसली नाही.

*

मग एका सकाळी दोर निसटला.

धुकं इतकं दाट होतं, की बाईंना चिमणी दिसलीच नाही, फक्त तिचा लाल फ्रॉक पाण्यात फुलासारखा उघडताना दिसला. बाईंनी उडी घेतली. हाताला फ्रॉक लागला, त्यात चिमणीही होती. काठावर आणल्यावर ती खोकली, रडली, आणि म्हणाली, "माझी चप्पल गेली."

बाकीची पोरं ओढ्याकडे बघत राहिली, जणू तो त्यांना काहीतरी वाईट बोलला होता.

त्याच दिवशी, ओल्या अंगाने, बाई कासवाचं टेबल ओलांडून थेट काचेपलीकडे गेल्या. तो खुर्चीतून अर्धा उठला. "बाई, थांबा, जरा ऐका तर…"

"पुष्कळ ऐकलं."

मोठे साहेब भले निघाले. खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. त्यांनी नकाशा उलगडला आणि ओढ्यावर बोट ठेवलं.

"बाई, इतकी वर्षं तुम्ही हे सोसलंत?"



"साहेब," दारातून कासव बोललं, "तिथे पायपूल पुरे होईल. खर्चही कमी."

"पायपूल?" साहेब हसले. "अहो, करायचा तर नीट करू. मोठी गाडी जाईल असा."

कासवाने मान खाली घातली. कशी जिरली, बाईंना वाटलं. काहींना दुसऱ्याचं भलं बघवतच नाही. पोटात दुखतं.

*

खरा पूल

खरा पूल दुधाचा नव्हता, राखाडी होता. पण उद्घाटनाच्या सकाळी धुकं खाली उतरलं, आणि तो ढगांवर ठेवल्यासारखा दिसू लागला. बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. नवऱ्याने स्वतः तिचा काठ शिवला होता. "आता भिजायची नाही," म्हणाला होता.

मोठ्या साहेबांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. साहेब बाईंना म्हणाले, "हे तुमचं यश," आणि घाईने निघून गेले.

तेवढ्यात शहराकडच्या रस्त्याने एक पिवळी बस आली. शाळेसमोरून गेली, पुलावर चढली आणि अजिबात न हादरता पलीकडे धुक्यात विरघळली. वस्तीत अशी गाडी याआधी कधी शिरलीच नव्हती. पलीकडून पोरांचा कल्ला ऐकू आला. बाईंचे डोळे भरून आले. पोरांना आज शाळेत बसने आणतायत! साहेबांनी एवढंही सांगितलं नाही. चकित करायचं असेल.

त्या धावत शाळेत गेल्या. दार सताड उघडलं, फळा पुसला, पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. पायरीखाली कासव उभं होतं, हात मागे बांधून. आज त्याच्यावरही राग येईना.

"बघितलंत?" बाई हसून म्हणाल्या. "अरुंद असता तर हे झालं असतं का?"

तो पुलाकडे बघत होता.

बस धुक्यातून परत आली. खिडकीखिडकीत पोरं. कोरडी, तेल लावलेली, हसणारी. चिमणी दोन्ही हात हलवत होती. बाईंनीही हात उंचावला.

बसचा वेग कमी झाला नाही. ती शाळेसमोरून सरळ पुढे गेली, शहराच्या दिशेने.

"अहो, ड्रायव्हर चुकला वाटतं!" बाई पायरीवरून खाली उतरल्या. "थांबवा ना त्याला. शाळा इथे आहे!"

"चुकला नाही तो," हेडक्लार्क म्हणाला. "शहरातल्या मोठ्या शाळेत चाललाय. ज्या वस्तीत गाडी पोचत नाही, बाई, तिच्यासाठीच वेगळी शाळा चालवतात. आज गाडी पोचली."